सगळे डोंगर एकच का दिसतात?

प्रश्न : ताई, मी नाशिकचा. वय ४७, एका पतसंस्थेत नोकरी. लॉकडाऊनमध्ये मुलीचे जलरंग घरात पडून होते, ते हातात घेतले आणि मग सुटलेच नाहीत. आता महिन्यातून दोन रविवार मोटारसायकल काढतो. घोटीवरून भंडारदरा, मग मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर असा आतला रस्ता धरून जलाशयाला वळसा घालतो. वाटेत पाच-सहा ठिकाणी थांबून घाईत स्केच करतो, फोटो काढतो आणि घरी येऊन रंगवतो. वर्षभरात साठेक चित्रं झाली. परवा सगळी जमिनीवर मांडली, तर बायको म्हणाली, "हे सगळे एकच डोंगर आहेत का?" ती चेष्टा करत नव्हती, खरंच विचारत होती. बघावं तिथे तोच हिरवा लगदा. शिवाय गावाजवळ बसलो की माणसं जमतात आणि माझा हात थिजतो. पुढच्या जूनमध्ये बारा दिवस स्पितीला जायचं मनात आहे. त्याआधी चित्राची फळी उभी करायला चांगला ईझल, परदेशी कागद, रंग असा तीस-पस्तीस हजारांचा खर्च करावा का? की माझ्यात ते नाहीच, हे मान्य करून टाकावं?

उत्तर : आधी तुमच्या पत्नीला माझा नमस्कार सांगा. साठ चित्रं बघून इतका नेमका प्रश्न विचारणारं माणूस घरात असणं ही चैन आहे. माझ्या घरचे सगळ्याच चित्रांना "छान" म्हणतात, त्याचा मला आजवर काडीचा उपयोग झालेला नाही.

"माझ्यात ते आहे का" हा प्रश्न मी बाजूला ठेवते. रविवारची झोप मोडून जो माणूस वर्षभर घोटीच्या रस्त्याला लागतो, त्याने तो विचारू नये. मला तुमच्या पत्रात दुसरंच काही खटकलं. मी हिशेब केला. नाशिकहून जाऊन-येऊन आणि वर जलाशयाचा वळसा, म्हणजे दिवसाला पावणेदोनशेच्या आसपास किलोमीटर. आतल्या रस्त्याचे खड्डे धरले तर पाच तास तरी गाडीवर. उरलेल्या वेळात सहा थांबे, जेवण, चहा. एका डोंगराच्या वाट्याला वीस मिनिटं येतात, त्यातली पाच फोटोत जातात. आमच्या वेळी कलाशाळेत "लँडस्केप मारायला जाऊ" म्हणायचे. तुम्ही खरोखरच मारत सुटला आहात.

वीस मिनिटांत डोंगराची फक्त बाह्यरेषा हाताला लागते. ती कागदावर आली की आतली जागा भरायची राहते आणि ती आपण हिरव्याने भरतो. पत्नीला दिसलं ते हेच. तुमचे साठ डोंगर म्हणजे साठ बाह्यरेषा आहेत, आत सगळीकडे एकच भरणा.

माझं स्वतःचं सांगते. बरीच वर्षं झाली त्याला. साम्रदच्या अलीकडे एका आंब्याखाली रतनगडाकडे तोंड करून बसले होते. चित्र बरं चाललंय असं वाटत होतं. गुरं घेऊन चाललेले एक बाबा मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग काठीने डोंगराकडे दाखवत म्हणाले, "बाई, तुझ्या डोंगरावरचं पाणी कुठून उतरतं?"

मी कागदाकडे पाहिलं. माझ्या डोंगरावर पाऊस पडला असता तर पाणी कुठेच गेलं नसतं. उशीवर सांडल्यासारखं जागच्या जागी मुरलं असतं. समोर मात्र त्या डोंगराच्या अंगावर घळी स्वच्छ दिसत होत्या. हीच ती जागा, जिथून प्रवरा निघते. नदीचा उगम असलेल्या डोंगराला मी पाणी उतरायला एक वाट ठेवली नव्हती.

तेव्हापासून मी आधी तेच शोधते. तुम्हीही शोधा, कारण त्यावरून सह्याद्री हातात येतो. हा डोंगर थरांचा आहे. साडेसहा-पावणेसात कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला, म्हणून आपल्याकडे उभा कडा, खाली उतरता पदर, पुन्हा कडा, पुन्हा पदर अशी पायऱ्यांची रचना दिसते. दोन थरांच्या मधला भाग मऊ असतो. तो झिजतो, तिथे माती धरते, पाणी पाझरतं आणि झाडं उभी राहतात. म्हणून सह्याद्रीत झाडी आडवी असते आणि पाणी उभं. एवढं एक वाक्य डोक्यात ठेवून पेन्सिल टेकवा. आधी कड्यांच्या आडव्या रेघा, मग त्यांना कापत खाली येणाऱ्या घळी. हिरवं फक्त पदरावर, उभ्या कातळावर नाही. अर्ध्या तासात तुमचा लगदा उभा राहिलेला दिसेल.

आणि गावकऱ्यांचे शब्द शिका. सोंड, धार, घळ, नाळ, खिंड, माची, पदर, सुळका, नेढं. आपण शहरातले सगळ्याला "डोंगर" म्हणतो, त्यामुळे सगळं डोंगरासारखंच काढतो. ज्याला सोंड आणि धार यांतला फरक माहीत आहे, तो दोन्हीकडे ब्रश सारखा फिरवूच शकत नाही. सोंड हळूहळू, अंगाने जाड अशी खाली उतरते. धार दोन्ही बाजूंनी कापलेली असते, तिची एक बाजू उजेडात आणि दुसरी सावलीत.

उजेडावरून आठवलं. तुमच्या वळशाची सगळ्यात मोठी अडचण ही आहे की तुम्ही बहुतेक जागी चुकीच्या वेळी पोचता. रतनवाडीतून दिसणारी रतनगडाची बाजू पूर्वेकडची, तिच्यावर सकाळी ऊन असतं आणि दुपारनंतर ती काळवंडते. घाटघरचा कोकणकडा नेमका उलटा. त्याचं तोंड पश्चिमेला, म्हणून सकाळभर तो स्वतःच्याच सावलीत निळा पडलेला असतो. दुपारी तीननंतर ऊन तिरकं येऊ लागतं, तेव्हा कुठे एकेक घळ, एकेक पदर वेगळा होतो. तुम्ही तिथे साडेबारा-एकला पोचत असणार. त्या वेळी ऊन डोक्यावर असतं, सावल्या डोंगराच्या पोटात शिरलेल्या असतात, आणि मोठमोठ्या चित्रकारांनाही तिथे लगदाच दिसेल. बारा ते तीन जेवा. झाडाखाली आडवे व्हा. नागलीची भाकरी आणि पिठलं मिळालं तर तसंही त्यानंतर चित्र होत नाही.

आता हिरव्याबद्दल. ट्यूबमधला तयार सॅप ग्रीन वर्षभरासाठी कपाटात ठेवा. फेकू नका, महाग असतो. अल्ट्रामरीन निळा, रॉ सिएना, बर्न्ट सिएना आणि एक लिंबू पिवळा एवढे चार रंग घेऊन निघा. अल्ट्रामरीन आणि रॉ सिएनातून जो मळकट हिरवा येतो तो आपल्या झाडीचा खरा रंग आहे. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनातून कातळाचा करडा मिळतो. निळा जास्त झाला तर पावसात भिजलेला कातळ, तांबडा जास्त झाला तर एप्रिलमधला. काळ्या रंगाची ट्यूब कशालाच लागत नाही.

शिवाय हिरवं आपल्या डोंगरात चार-पाच महिन्यांचं पाहुणं आहे, हे तुम्ही बारा महिने जाऊनही पाहिलेलं दिसत नाही. सप्टेंबरच्या शेवटी पठारांवर सोनकी फुलते, ती पिवळी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भात पिकतं, खाचरं सोनेरी होतात. मार्चच्या सुमाराला कोशिंबाला पालवी फुटते ती चक्क तांबडी असते, लांबून झाड पेटल्यासारखं दिसतं. उन्हाळ्यात राब भाजतात, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पसरून जमीन भाजतात, तेव्हा खाचरांत काळे चौकोन पडतात आणि धुराने पलीकडची डोंगररांग नुसती एक फिकट पट्टी होऊन जाते. आणि मे महिन्यात जलाशय उतरला की काठावर गाळाच्या एकाखाली एक रेघा उमटतात, ताक पिऊन झालेल्या वाटीला उमटतात तशा. भंडारदऱ्याचं हे धरण १९२६ साली पूर्ण झालं, तेव्हापासून दर उन्हाळ्यात तो काठ असा उघडा पडतो. मी तिथे बसून फक्त बर्न्ट सिएनात एक चित्र केलं होतं. माझ्या बऱ्या चित्रांपैकी ते एक आहे आणि त्यात हिरव्याचा थेंब नाही.

तर माझा सल्ला असा. पुढचे तीन रविवार वळसा घालायचा नाही. भंडारदऱ्याच्या शेंडी गावावरून मुतखेलच्या बाजूला वळायचं, अभयारण्याच्या नाक्यावर पावती फाडायची आणि पुढे जिथे पाण्यापलीकडे कळसूबाईची रांग नीट उघडी दिसेल, तिथे गाडी उभी करायची. रतनवाडी त्या दिवशी तुमच्यासाठी नाही. तीनही रविवार तीच जागा, तोच दगड. पहिल्या रविवारी नुसती पेन्सिल आणि एक रंग, फक्त गडद-फिकट पाहायचं. डोळे किलकिले करून बघा, तपशील गळून पडतो आणि तीन-चार टोन उरतात, तेवढेच उतरवा. दुसऱ्या रविवारी चार रंग. तिसऱ्या रविवारी वेळ बदला, सकाळी बसत असाल तर साडेतीनला बसा. कागद मोठा नको, वहीच्या पानाएवढा पुरे. कंटाळा येईल. दुसऱ्या रविवारी साडेदहाच्या सुमाराला तुम्हाला घाटघरला पळावंसं वाटेल, हे मी आत्ताच सांगून ठेवते. पळू नका.

कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहमान कुठे लांब गेले होते? १९३१ साली ते वारले. आयुष्यभर त्यांनी कोल्हापूरच्या आसपासचंच पाणी, तळी, झाडी पुन्हा पुन्हा रंगवली, कोटितीर्थ तलाव तर कितीदा. त्यांची जी चित्रं उरली आहेत त्यांत पाण्यावरचा उजेड एका चित्रातला दुसऱ्यात नाही.

फोटो काढा, मी सोवळी नाही. पण चित्र झाल्यावर काढा, आधी नाही. मोबाइलचं भिंग रुंद असतं, ते लांबचे डोंगर दाबून बुटके करतं आणि जवळचं गवत ताडमाड वाढवतं. सावल्या तर डांबरासारख्या काळ्या येतात. प्रत्यक्षात सावलीत निळा, जांभळा, कधी तपकिरी असा किती रंग असतो, तो फोटोत नसतो. घरी बसून तुम्ही आजवर डोंगर रंगवलेला नाही, मोबाइलचं डोंगराबद्दलचं मत रंगवलंय.

जमणाऱ्या माणसांचं तुम्ही फार मनाला लावून घेतलंय. बसण्याआधी तुम्हीच पुढे होऊन रामराम करा, "इथे बसू का" विचारा. जागा कुणाची तरी असते, बांध कुणाचा तरी असतो, आणि आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत तर बांधावर पाय देऊ नका, तो फुटला तर खाचरातलं पाणी जातं. विचारून बसलेल्या माणसाभोवती लोक वेगळ्या नजरेने जमतात. पाठीशी भिंत किंवा जाड खोड घ्या, म्हणजे मानेवर श्वास पडत नाही. पोरांसाठी चार कोरे कागद आणि पेन्सिली वेगळ्या ठेवा. ती काढायला बसली की तुमच्याकडे कुणी बघत नाही, आणि त्यांचे डोंगर बघून आपली जरा जिरतेही. "याचे किती पैसे मिळतात?" हा प्रश्न येणारच. "काही नाही" म्हणा. मग ते तुमच्याकडे दयेने बघतात आणि चहा आणून देतात. एकदा एका आजींनी माझ्या चित्रात वाकून विचारलं, "माझं घर कुठंय यात?" मी ते झाडामागे दडवलं होतं, काढायला कंटाळले होते म्हणून. त्यांनी तो कंटाळा बरोबर ओळखला.

सामानाचं थोडक्यात. ईझल घेऊ नका. घाटघरच्या वाऱ्यात तो उडतो, आणि त्यामागे धावणारा माणूस कड्याकडे बघत नाही. एक हलकी फळी, चार क्लिपा, घडीचं स्टूल. पैसे घालायचेच तर कागदात घाला. तीनशे जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कॉटनचा कागद मोठा घ्या आणि घरी कापून त्याचे आठ तुकडे करा. स्वस्त कागदावर दुसरा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, टाकला की पहिला उठतो आणि दोष आपण स्वतःला देतो. ब्रश दोन पुरेत, एक बारा नंबरचा गोल आणि एक बारीक. पाण्याच्या बाटल्या दोन, एक स्वच्छ आणि एक मळकी. ब्रश धुतलेलं पाणी झऱ्यात किंवा विहिरीजवळ ओतायचं नाही. काही रंगांत कॅडमियम असतं, कोबाल्ट असतं. ती बाटली घरी परत आणायची.

पावसाळ्यात वॉश वाळतच नाही, उन्हाळ्यात ब्रश उचलायच्या आत वाळतो. एप्रिल-मेमध्ये कागदाखाली ओलं फडकं घाला. पावसात धीर धरा, किंवा गाडी नुकतीच बंद केली असेल तर इंजिनाच्या उबेजवळ कागद धरा. जवळ म्हणतेय, सायलेन्सरवर नाही. एका विद्यार्थिनीने टेकवला होता, कळसूबाईला भोक पडलं. आणि ओलसर कागद प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका. माझं एक अख्खं पॅड श्रावणात असं गेलं. वरून काही दिसत नव्हतं, पण बुरशीने कागदाचं साइजिंग, म्हणजे रंग पटकन मुरू न देणारी खळ, खाल्लं होतं. रंग लावला की टीपकागदावर शाई पडावी तसा पसरायचा. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकत जा, त्या नव्या चपलांच्या खोक्यात येतात तशा.

दोन गोष्टी जिवाच्या. पावसात दरडीखाली गाडी लावून बसू नका, देखावा कितीही चांगला असो. आणि दगडावर बसण्याआधी काठीने त्याखाली हलवून बघा. आपल्या कातळात फुरसं हा विषारी साप असतो आणि तो दगडाच्याच रंगाचा असतो.

राहिलं स्पिती. जा, जरूर जा. पण तिथे जाऊन सुटका होईल या आशेने जाऊ नका, उलट पंचाईत वाढेल. स्पितीतलं मुख्य गाव काझा साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, आपलं कळसूबाई १,६४६. मनालीकडून एकदम कुंझुम खिंड ओलांडून जाण्यापेक्षा शिमला-किन्नौरच्या बाजूने हळूहळू चढत जा. पोचल्यावर पहिले दोन दिवस ब्रशला हात लावू नका, डोकं दुखत असताना कुणी निसर्गचित्र करत नसतं. हवा इतकी कोरडी की वॉश हातातच वाळतो. आणि ती इतकी स्वच्छ की तीस किलोमीटरवरचा डोंगर शेजारी आल्यासारखा दिसतो. आपल्याला शिकवलेलं असतं की लांबचा डोंगर निळा आणि फिका करायचा. तिथे तो तसा दिसतच नाही. थरही आपल्यासारखे आडवे नाहीत. तो समुद्राचा तळ होता, तिथल्या लांगझा गावात आजही समुद्री जिवांचे जीवाश्म सापडतात. तो तळ चेपून वर आलाय, म्हणून तिथल्या डोंगरांना चादरीसारख्या वळ्या पडल्यात. तुमची आडवी झाडी आणि उभं पाणी तिथे चालायचं नाही, पुन्हा पहिल्यापासून बघावं लागेल. त्यासाठी आधी इथे एकदा बघायची सवय लागलेली बरी.

बारा दिवसांतले जाण्या-येण्याचे आणि डोकेदुखीचे वजा केले तर पाच-सहा हातात राहतात. त्यात दोन गावं करा, तिसरं नको. रशियन चित्रकार निकोलस रोरिख १९२८ साली कुलूच्या दरीत नग्गरला राहायला आला आणि मधले काही प्रवास आणि मोहिमा सोडल्या तर १९४७ साली मरेपर्यंत तिथेच होता. खिडकीतून तेच डोंगर, तीच बर्फाची रेघ. त्याच्यापाशी वेळ होता म्हणा. तुम्हाला पतसंस्थेत हजेरी लावायची असते.

तीस हजारांतले पाच कागदात घाला, बाकीचे प्रवासाला ठेवा.

तिन्ही रविवार झाले की ती तीन चित्रं पुन्हा जमिनीवर मांडा आणि घरातल्या परीक्षकांना बोलवा. मला पाठवायची घाई नको. हा कोणता डोंगर, असंही त्यांना विचारू नका. यातल्या डोंगरावरचं पाणी कुठून उतरत असेल, तेवढंच विचारा, आणि त्या कुठे बोट ठेवतात ते बघा.